माझ्या इंग्रजीचं गाऱ्हाणं

'प्ले'चं 'प्लेड' होतं, 'वॉक'चं 'वॉक्ड' होतं, मग 'गो'नेच कुणाचं काय घोडं मारलं होतं की त्याचं 'वेंट' व्हावं? हा प्रश्न मी एका सकाळी, वयाच्या पंचेचाळिशीत, कुकरसमोर उभी राहून मोठ्याने विचारला. माझे सासरे दाराशी खुर्ची टाकून बसले होते, ते दचकले.

"काय गो, कोणाक बोलतंस?"

"कुणाला नाही बाबा. इंग्रजीला."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा गॅलरीकडे बघत बसले. गिरणीत साच्यांच्या खडखडाटात उभा जन्म गेल्यामुळे त्यांना तसंही कमी ऐकू यायचं. मला वाटलं, विषय संपला.

लालबागच्या एका जुन्या मराठी शाळेत मी तिसरी-चौथीला शिकवत होते. आमच्या चाळीच्या गॅलरीतून शाळेची गच्ची दिसायची, इतकी ती जवळ. त्या जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि संस्थेच्या अध्यक्षांनी आम्हा सगळ्या शिक्षिकांना हॉलमध्ये बोलावलं. आधी समोसे दिले. समोसे बघूनच मला संशय आला, कारण आमच्या संस्थेने विनाकारण कधी चहाही पाजलेला नाही. मराठी माध्यमाचं हे शेवटचं वर्ष, असं अध्यक्ष म्हणाले. पुढच्या जूनपासून हीच इमारत, हेच बाक, पण शाळा इंग्रजी. ज्या शिक्षिका दिवाळीनंतर इंग्रजीची लेखी परीक्षा पास होतील आणि समितीसमोर इंग्रजीतून एक पाठ घेऊन दाखवतील, त्यांना नव्या शाळेत घेऊ. बाकीच्यांचं काय, असं कुणीतरी विचारलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

घर नवऱ्याच्या पगारात कसंबसं निभावलं असतं. प्रश्न तो नव्हता. लग्न होऊन या चाळीत आले त्याच वर्षी मी शाळेत लागले, आणि तेव्हापासून मला कुणी नावाने हाक मारलेली नाही. खालचा वाणी, वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या, माझी स्वतःची नणंदसुद्धा मला 'बाई' म्हणते. शाळा गेली तर मी कोण? एक बाई फक्त, तीही सगळ्याजणी असतात तशी. ही भीती मी नवऱ्याला सांगितली तेव्हा तो म्हणाला, "अगं, होईल काहीतरी." त्याचं सगळं काहीतरी होतच असतं.

खोताच्या वाडीत एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांची हयात कॉन्व्हेंटमध्ये इंग्रजी शिकवण्यात गेली. माझ्या एका मैत्रिणीने त्यांच्याकडे माझ्यासाठी शब्द टाकला आणि मी शनिवारी दुपारी शाळा सुटली की बसने गिरगावात जाऊ लागले. मी त्यांना आँटी म्हणायचे. त्यांची मराठी आमच्यापेक्षा जुनी आणि शुद्ध होती, फक्त रागावताना त्या इंग्रजीत शिरत. लाकडी घराच्या पुढच्या खोलीत टेबलाशी आम्ही बसायचो. त्यांच्या हातात चहाचा चमचा असायचा. मी बोलायला लागायचं आणि क्रियापद चुकलं की त्या चमचा टेबलावर आपटायच्या.

"केव्हा?" त्या विचारायच्या. "हे केव्हा झालं? संपलं, की अजून चालू आहे? आधी ते ठरव. मग तोंड उघड."

मराठी बोलताना मी हे आयुष्यात कधी ठरवलं नव्हतं. वाक्य बोललं की क्रियापद आपलं आपण येऊन जागेवर बसायचं. इंग्रजीत मला प्रत्येक वेळी त्याला आणायला जावं लागे, आणि शाळा सुटल्यावर गर्दीत भलत्याच मुलाचा हात धरून घरी यावं, तसं मी नेमकं दुसरंच घेऊन यायचे. 'ही गो' म्हटलं की टक्. 'शी हॅज वेंट' म्हटलं की टक्. 'आय अॅम टीचिंग सिन्स ट्वेंटी इयर्स' याला तर दोनदा टक्. ते शेवटचं वाक्य समितीसमोर सगळ्यात आधी बोलायचं होतं, स्वतःची ओळख म्हणून. 'आय हॅव बीन टीचिंग'. वीस वर्षांपूर्वी सुरू झालं आणि अजून चालू आहे, असा त्याचा अर्थ, आँटी म्हणाल्या. अजून चालू आहे, हे तुझ्या बाबतीत फार महत्त्वाचं आहे.

माझा संताप संताप व्हायचा. वर्गात मी पुरुष, लिंग, वचन फळ्यावर अशी मांडायचे की शेवटच्या बाकावरचा पोरगाही झोपायचा नाही. आणि इथे मी 'डिड' नंतर काय येतं यावर रडकुंडीला येत होते. "डिड आलं ना," आँटी म्हणायच्या, "मग पुढचं क्रियापद साधं ठेव. डिड गो. भूतकाळ एकदाच सांगायचा. दोनदा नाही." हे मला कळायचं. वाडीच्या तोंडाशी येईपर्यंत कळलेलं असायचं. बस चर्नी रोडवरून वळली की विरायचं. मोबाइलवर एक अॅपही घेतलं होतं. बरोबर आलं की ते टाळ्या वाजवायचं आणि चुकलं की भोंगा. आमच्या घरातून तेव्हा नुसता भोंगा ऐकू यायचा.

हे सगळं मी गुपचूप करत होते. शाळेत कुणाला क्लासचं सांगितलं नव्हतं, चाळीत परीक्षेचं सांगितलं नव्हतं. नापास झालं तर निदान चार भिंतींत व्हावं. पण सासऱ्यांनी एके दिवशी तो भोंगा ऐकला आणि विचारलंच. मी त्यांच्या कानाशी जाऊन सगळं सांगितलं. शाळा बंद होतेय, इंग्रजी आलं तर राहीन, नाही आलं तर घरी. त्यांनी बराच वेळ माझा हात धरून ठेवला. मग मी म्हटलं, "बाबा, पण कुणाला सांगू नका हं."

"मी कशाक कोणाक सांगतलंय?" ते म्हणाले.

आणि त्यांनी शब्द पाळला. भाद्रपदापर्यंत ते कुणाशी अवाक्षर बोलले नाहीत.

आमच्या मजल्याचा एक गणपती असतो. गुडघे गेल्यापासून सासऱ्यांचं गणपतीला कोकणात गावी जाणं थांबलं, तसे मजल्यावरचे आणखी दोन-तीन म्हातारेही थांबले, आणि त्यांच्यासाठी म्हणून जिन्यापाशी गॅलरीत मूर्ती बसू लागली. पहिल्या दिवशी आरती झाली की गाऱ्हाणं. तो मान सासऱ्यांचा. सगळ्यांनी हात जोडून उभं राहायचं, त्यांनी देवाला एकेक मागणं मोठ्याने सांगायचं आणि प्रत्येक मागण्यावर सगळ्यांनी एका सुरात होकार भरायचा. एरवी त्यांचा आवाज खुर्चीपलीकडे जात नाही, पण गाऱ्हाण्याला तो खालच्या रस्त्यावर ऐकू येतो.

"बा देवा म्हाराजा! आज तुझी लेकरा तुझ्या म्होरे हात जोडून उभी रवली हत. त्येंची सेवा गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणाचा दुखणा-खुपणा असात ता दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाची गुडघ्याची शस्त्रक्रिया, चाळीच्या पुनर्विकासाची रखडलेली परवानगी, सगळं झालं. मी प्रसादाच्या ताटाकडे वळणार तेवढ्यात ऐकू आलं,

"आणि बा म्हाराजा, माजी सून शाळेत बाई असा. ती आता विंग्रजीच्या परीक्षेक बसता. तिका ती भाषा कायएक येणा नाय. तिका पास कर, आणि तिची शाळा तिका रवांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा मजला ओरडला. ओरडून झाल्यावर सगळ्यांना अर्थ कळला आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. नवरा वर छताकडे बघत होता. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं होतं, पण आमची चाळ एवढी जुनी की तसं झालं असतं तर खालच्या मजल्यावर पडले असते.

घरात आल्यावर मी जवळजवळ किंचाळले, "बाबा, तुम्ही म्हणाला होतात कुणाला सांगणार नाही म्हणून!"

ते खरोखर गोंधळले. "मी कोणाक सांगलंय? देवाक सांगलंय. देव काय परको असा?"

देवाला सांगायचं ते मोठ्यानेच सांगायचं, आणि सगळ्यांनी होकार भरल्याशिवाय ते त्याच्यापर्यंत पोचत नाही, असंच त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. चोरून मागितलेलं देव कशाला ऐकेल?

दुसऱ्या दिवसापासून सगळा मजला माझा मास्तर झाला. ज्यांना मी बाराखडी शिकवली ती पोरं आता नोकऱ्या करत होती, ती जिन्यात मला अडवून म्हणायची, "हाऊ आर यू, बाई?" मी 'फाइन' म्हटलं की त्यांना फार आनंद व्हायचा. कोपऱ्यावरच्या खोलीतला एकजण कुठल्याशा कंपनीत फोनवर बोलतो, तो म्हणाला, "बाई, टेन्शन कशाला घेता? एकदम बिनधास्त बोलायचं. ग्रामर-बिमर कोण बघतं? माझा बॉस पण चुकीचंच मारतो." समोरच्या वहिनींनी त्यांच्या मुलीचं सातवीचं व्याकरणाचं पुस्तक आणून दिलं, आणि वर सांगितलं, "नीट ठेवा हं, तिलाही लागतं." शेजारच्या मावशी तर जाता-येता नुसत्याच म्हणायच्या, "होतलाच! देवाक सांगलंय ना?" त्या मावशींवर मी एकदा खेकसले. इतक्या मायेने बोलणाऱ्या बाईवर. पण मला ती माया सोसत नव्हती. आधी मला फक्त पास व्हायचं होतं. आता मला मजल्यासाठी, सासऱ्यांसाठी आणि देवाची अब्रू राखण्यासाठीही पास व्हायचं होतं.

आँटींकडे मी शनिवारबरोबर बुधवारीही जाऊ लागले. पोळ्या लाटताना, कपडे वाळत घालताना, वर्गात मुलं शुद्धलेखन लिहीत असताना माझे ओठ हलत असायचे. गो, वेंट, गॉन. ईट, एट, ईटन. टीच, टॉट, टॉट. एका मुलीने विचारलं, "बाई, तुम्ही जप करता का?" मी हो म्हटलं. जितकं पाठ होत होतं तितकं तोंडातून निघताना अडकत होतं. आधी निदान चुकीचं तरी बोलायचे, आता प्रत्येक क्रियापदाशी थांबून 'केव्हा?' विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत समोरचा दुसऱ्या विषयावर गेलेला असायचा. मी एवढी हताश डी.एड.च्या परीक्षेतही झाले नव्हते.

लेखी परीक्षेत निभावले. गाळलेल्या जागा होत्या, खाली पर्याय होते. घाम पुसत, मनात चमचा ऐकत मी एकेक भरला आणि काठावर का होईना, पार पडले. मावशींनी त्या दिवशी देवाला साखर ठेवली. मला वाटलं, जमेल. खरंच वाटलं होतं.

पाठ घ्यायचा होता तो माझ्याच वर्गात. पण मुलं माझी नव्हती. समितीने संस्थेच्या उपनगरातल्या इंग्रजी शाळेतून चौथीची मुलं बसने आणली होती. टाय लावलेली, स्वच्छ, शहाणी मुलं माझ्या बाकांवर बसली होती. मागे भिंतीशी समितीचे तिघे. मी उभी राहिले आणि म्हटलं, "आय हॅव बीन टीचिंग हिअर फॉर ट्वेंटी इयर्स." स्वच्छ, न अडखळता. समितीतल्या एका बाईंनी मान डोलावली. माझ्या जिवात जीव आला.

विषय होता दिवाळीची सुट्टी. मुलांना बोलतं करायचं आणि बोलता बोलता भूतकाळ शिकवायचा. मी पहिल्या बाकावरच्या मुलीजवळ गेले, हसले आणि विचारलं, "व्हेअर डिड यू वेंट इन दिवाळी?"

चमचा ऐकू आला नाही. एका मुलाचा हात वर झाला. मला वाटलं त्याला सांगायचंय तो कुठे गेला होता. "येस?" मी म्हटलं. तो उठून उभा राहिला, हात मागे बांधले आणि फार नम्रपणे म्हणाला, "मिस, इट इज 'व्हेअर डिड यू गो'."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, मी डोळे वटारले असते, वर्ग माझा झाला असता. त्याने मला चिडवलं नव्हतं. चूक दिसली की हात वर करून उभं राहून सांगावं, हेच तर मी वीस वर्षं मुलांना शिकवत आले. मी "थँक यू" म्हटलं. मग फळ्याकडे वळले, आणि वळल्यावर मला काहीच येईना. एक वाक्य सुरू करायचं, क्रियापदाशी यायचं, आणि त्या मुलांच्या चेहऱ्यांकडे बघायचं की हात वर होतोय का. "यस्टरडे आय..." म्हणून मी थांबले. "माय मदर..." म्हणून थांबले. शेवटी मी त्यांना चित्र काढायला सांगितलं. "ड्रॉ," एवढंच म्हटलं. त्या एका शब्दात चूक होण्यासारखं काही नव्हतं. घंटा होईपर्यंत मी बाकांमधून फिरत राहिले आणि चांगल्या चित्रांवर मान हलवत राहिले.

तुम्हाला घेता येणार नाही, हे मला मुख्याध्यापिकांनी मराठीतच सांगितलं.

एप्रिलमध्ये शाळा संपली. आता इंग्रजी शाळेतली दोन मुलं माझ्याकडे मराठी शिकायला येतात. 'ती आला', 'मी गेला' लिहितात आणि रडतात. मी त्यांच्यावर ओरडत नाही. आँटींचा दोनदा फोन आला, मी उचलला नाही. मजल्यावर कुणी विषय काढला नाही. पोरं जिन्यात पुन्हा मराठीत बोलू लागली. एवढ्या सगळ्यांनी एकदम गप्प राहायचं कधी ठरवलं कोण जाणे.

फक्त सासरे विचारायचे. त्या उन्हाळ्यात त्यांचं विसरणं वाढलं होतं. सकाळचा चहा घेतला की नाही ते त्यांना आठवायचं नाही, पण माझी परीक्षा मात्र आठवायची.

"काय गो, परीक्षा कदी असा?"

"झाली बाबा."

"मगे?"

"नापास झाले."

त्यांचा चेहरा पडायचा. डोळ्यांत पाणी यायचं. हात पुढे करून माझ्या डोक्यावर ठेवायचे. दोन दिवसांनी सगळं पुसलं जायचं आणि पुन्हा विचारायचे, आणि पुन्हा त्यांचा चेहरा पहिल्यांदाच पडायचा. मी एकदाच नापास झाले होते, पण त्यांच्यासमोर किती वेळा झाले त्याला गणती नाही. शेवटी एके सकाळी त्यांनी विचारलं आणि माझ्या तोंडून निघालं, "व्हायची आहे बाबा अजून."

"बरा, बरा," ते म्हणाले आणि खूश होऊन पोहे खाल्ले. मग मी रोज तेच सांगू लागले. त्यात कुणाचं काय जात होतं?

भाद्रपद आला. जिन्यापाशी मूर्ती बसली. गॅलरीतून शाळेच्या इमारतीवरची नवी पाटी दिसत होती. आरती झाली. नवऱ्याने सासऱ्यांना धरून उभं केलं. मला वाटलं होतं यंदा त्यांना शब्द आठवणार नाहीत, पण गाऱ्हाणं त्यांच्या तोंडातून पाण्यासारखं वाहत होतं. दुखणी झाली, लग्नं झाली, पुनर्विकास झाला.

"आणि बा म्हाराजा, माजी सून शाळेत बाई असा. ती विंग्रजीच्या परीक्षेक बसतली. तिका पास कर, आणि तिची शाळा तिका रवांदे रे म्हाराजा!"

होकार आला नाही. झांज धरलेला पोरगा झांजेकडे बघत राहिला. समोरच्या वहिनींनी पदर तोंडाशी नेला. सगळ्यांना ठाऊक होतं की परीक्षा होऊन गेली, शाळा गेली, आणि एवढा मोठा मजला हात जोडून नुसता उभा होता. सासरे थांबले. होकार आल्याशिवाय त्यांना पुढे जाता येत नव्हतं. त्यांनी मान वळवून एकेकाकडे बघितलं. आपलं काही चुकलं का, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसायला लागलं.

मग मागून मावशींचा आवाज आला. ज्यांच्यावर मी खेकसले होते, त्या मावशींचा. "व्हय म्हाराजा!" त्यांच्या पाठोपाठ कोपऱ्यावरचा तो फोनवाला, मग वहिनी, मग पोरं, मग सगळा मजला. आधीच्या कुठल्याही मागण्याला ओरडले नव्हते इतक्या मोठ्याने.

सासऱ्यांची मान हलली, पण ते पुढे गेले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते. ज्याचं मागणं, त्याने गप्प राहून चालत नाही.

"तू म्हण गो," ते हळूच म्हणाले.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

त्यांचं समाधान झालं आणि ते पुढच्या मागण्याकडे वळले. मजल्यावरच्यांना वाटलं असेल, म्हाताऱ्याचं मन राखलं बाईंनी. नवऱ्यानेही रात्री तसंच म्हटलं. पण म्हाताऱ्याचं मन राखायला मी ते म्हटलंच नव्हतं. हात जोडून, डोळे घट्ट मिटून, मी खरोखर मागत होते.